करडगव्हाणचा राजदंड

१

कपाट सताड उघडं होतं आणि आमच्या पार्लमेंटचा राजदंड गेला होता.

राजदंड म्हणजे काय, तर एक जुनं मुसळ. त्याला मी स्वतःच्या हातानं सोनेरी रंग दिला होता आणि वरच्या टोकाला पुठ्ठ्याचा मुकुट बसवला होता. मुकुट कपाटातच पडलेला होता. चोरानं नुसता दांडा नेला होता. कुलूप फोडायची वेळच आली नसणार, कारण किल्ली मागच्या खिळ्याला टांगलेली असते हे आमच्या कॉलेजात प्राचार्यांपासून आवारात चरणाऱ्या शेळ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझं डोकं सकाळी सकाळी असं काही तापलं की विचारू नका.

एरवी मी दुसरं मुसळ रंगवलं असतं. पण त्या दिवशी त्या दांड्यावर एका अख्ख्या वस्तीचं पाणी टांगलेलं होतं.

आधी मी कोण ते सांगतो. मी गुरुबसप्पा, मूळचा देगलूरचा, करडगव्हाणच्या नव्या कॉलेजात राज्यशास्त्राचा मास्तर. लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा तशीच चालली होती, आणि गावातल्या विहिरींत पोहरा टाकला की तळाचे दगड वाजत होते. अशा दिवसांत मी पोरांना काय शिकवत होतो? तर विलायतेचं राजकारण. अभ्यासक्रमात तेच होतं, माझा इलाज नव्हता.

दरवर्षी मी वर्गात ब्रिटिश पार्लमेंट भरवतो. हुजूर पक्ष, मजूर पक्ष, मधले उदारमतवादी, सगळं असतं. तोवरच्या दोन-अडीच वर्षांत तिकडं मोठीच धमाल झाली होती. मजूर पक्षातून काही बडी मंडळी भांडून बाहेर पडली, त्यांनी सोशल डेमोक्रॅट नावाची वेगळी चूल मांडली, मग उदारमतवाद्यांशी आघाडी केली. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत या आघाडीला मतं धो धो पडली, जागा मात्र मूठभर आल्या. मजुरांची मतं फुटली आणि हुजूर पक्ष वाजतगाजत पुन्हा सत्तेत बसला. मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं होतं. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की आमचा मजूर पक्षही फुटला.

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण नव्या जिल्ह्याला नवे प्रांतसाहेब मिळाले होते, तरुण, उत्साही, आणि राज्यशास्त्र घेऊनच शिकलेले. गावाला एक सरकारी बोअर मंजूर होता आणि तो कुठं मारायचा यावरून गावात डोकी फुटायची वेळ आली होती. मळेवाल्यांना तो मारुतीच्या पारासमोर हवा होता, ओढ्यापलीकडच्या भीमनगराला आपल्या वस्तीत. साहेब म्हणाले, "तुमच्या पार्लमेंटनं ठराव करावा. पोरं ठरवतील तिथं बोअर. नवा जिल्हा, नवी रीत!" गावच्या कारभाऱ्यांनी हसत मान डोलावली. हुजूर पक्षात आपलीच पोरं बसलीत, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि आता राजदंड गायब.

२

सभागृहात सगळे जमले होते. बाहेर मैदानात बोअरची गाडी उभी होती आणि तिच्याभोवती बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या, जणू गाडीतूनच पाणी निघणार होतं. प्रांतसाहेब पहिल्या रांगेत होते. मी सभापतीच्या खुर्चीत बसलो आणि राजदंड चोरीला गेल्याचं सांगितलं.

हुजूर पक्षाचा नेता रामकिशन उठला. गावातल्या मोठ्या मळेवाल्याचा मुलगा, अंगापिंडानं थोराड, बोलणं रोखठोक. "काय अडतंय सर? दांड्याला काय मत हाय का? घ्या की मतदान."

"खरंय," साहेबही म्हणाले. "एखादी काठी ठेवा टेबलावर."

मी मान डोलावणार, तेवढ्यात मजूर पक्षाची नेता सिंधु उभी राहिली. भीमनगरची, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या वर्गातली सगळ्यांत तल्लख मुलगी. "अध्यक्ष महाराज, माझा हरकतीचा मुद्दा आहे. टेबलावर राजदंड नसेल तर सभागृह भरत नाही. काठी म्हणजे राजदंड नव्हे. हे तुम्हीच शिकवलंय. उद्या कुणी म्हणेल ठराव खोटा, तर?"

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू! वर्षभर घसा कोरडा केल्याचं चीज झालं असं वाटलं. साहेबही खूश झाले. "वा! नियम म्हणजे नियम. मग सर, दुपारपर्यंत तुमचा राजदंड शोधा. नाही सापडला तर माझा नाइलाज आहे. मुरुडची माणसं चार दिवस झाली माझ्या कचेरीत बसून आहेत. गाडी तिकडं जाईल."

असा मी मास्तराचा फौजदार झालो.

संशय कुणावर घ्यायचा? मतांचा हिशोब सरळ होता. हुजूर आणि मजूर जवळपास बरोबरीत. आघाडी ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकणार. आघाडीचे पुढारी दोन. एक उदारमतवादी चंद्रप्पा, उदगीरकडून आलेल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, बोलायला गोड. दुसरा लिंबाजी, भीमनगरचाच, सिंधुशी भांडून मजूर पक्षातून फुटलेला. किल्ली कुठं असते हे या चौघांना ठाऊक होतंच. मी एकेकाला माझ्या खोलीत बोलावलं.

"मी कामून चोरू सर?" रामकिशन म्हणाला. "आघाडी आमच्याकडं हाय. चंद्रप्पानं शब्द दिलाय. जिंकायलेला माणूस खेळ मोडतो का?"

हे पटण्यासारखं होतं. मी सिंधुला बोलावलं.

"आघाडी आमच्या बाजूनं आहे सर," ती म्हणाली. "लिंबाजी माझ्याच वस्तीचा. तो काय वस्तीच्या विरोधात जाईल? मग मी राजदंड कशाला चोरू?"

हेही पटण्यासारखंच होतं! मी कपाळाला हात लावला. मग लिंबाजी आला. नेहमी तावातावानं बोलणारा पोरगा, आज खाली बघून अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"तुम्ही कोणाच्या दारातून जाणार?" मी सरळ विचारलं. आमच्याकडं मतदान हात वर करून होत नाही. विलायतेसारखं ठरावाच्या बाजूचे एका दारातून बाहेर पडतात, विरोधातले दुसऱ्या.

"आघाडीत ठरलंय सर. भाईर सांगता येत न्हाई."

"अरे, पण सिंधु म्हणते—"

"तिला काय म्हणायचं ते म्हणू द्या." आणि तो निघून गेला. शेवटी चंद्रप्पा आला आणि त्यानं मला गोड हसून सांगितलं की आघाडी कुणाच्याही बाजूची नसते, आघाडी फक्त देशाच्या बाजूची असते. हे वाक्यही माझ्याच व्याख्यानातलं होतं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

३

वैतागून मी पाणी प्यायला घरी गेलो. घर म्हणजे कॉलेजच्या आवारातलीच खोली. दारात पाय ठेवला आणि थबकलो. उंबऱ्याजवळच्या फरशीवर पाणी वाळल्याचा डाग होता आणि त्या डागात काहीतरी चमकत होतं. बोट फिरवलं. सोनेरी कण बोटाला चिकटले.

हा रंग मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? दोन दिवस माझ्या नखांतून निघत नव्हता.

पण सकाळपासून माझ्या दारात आलं होतं कोण? फक्त धोंडी.

पाऊस लांबला की आमच्याकडं बायका धोंडी काढतात. मुसळाला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, मधोमध बेडूक बांधायचा, दोघांनी खांद्यावर घ्यायचं आणि गाणं म्हणत दारोदार फिरायचं. प्रत्येक घरानं त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ओंजळभर धान्य घालायचं. सकाळी ती मंडळी माझ्या दारात आली होती. घरात एकच कळशी, तीही अर्धी. मी कुरकुरत तांब्याभर पाणी ओतलं होतं. डहाळ्यांच्या फटीतून मुसळ पिवळं दिसत होतं. मला वाटलं, हळद फासली असेल.

म्हणजे चोरीचा राजदंड माझ्या नाकासमोरून गेला, आणि मी त्याला आंघोळ घालून वाटेला लावला!

मी चपलाही न घालता मारुतीच्या पाराकडं निघालो. धोंडी तिथं सावलीला टेकली होती. पुढारी होत्या नागुबाई, रामकिशनची चुलती, गावातलं जुनं खोड.

"नागुबाई, हे मुसळ कुठून आणलं?"

"कामून ओ सर? तुमचं हाय का?" त्या हसल्या. "गिरण्या आल्यापास्नं मुसळ ऱ्हायलंय कुणाच्या घरात? आमी काल दिसभर हुडकून ऱ्हायलो. अन् आज पाटंचं तुमच्या कालिजाच्या मागं लिंब तोडायला गेलो तर झाडाला टेकून हुबं! म्या म्हनलं, देवानंच धाडलं."

"मला ते आत्ता पाहिजे."

"आत्ता?" नागुबाईंचा आवाज चढला. "निम्मी फेरी झालीया. मधीच सोडली तर पाऊस रुसंल. मंग कोन, तुमचं कालिज पाडनार हाय का पाऊस? फेरी झाली की घिऊन जावा."

मी डहाळे बाजूला करून पाहिलं. शंकाच नव्हती. मुकुटाचे खिळे ठोकल्याची भोकंसुद्धा जागेवर होती.

आता सगळं उलगडायला लागलं. चोरानं मुकुट कपाटात का ठेवला? मुकुट काढला की राजदंडाचं मुसळ होतं, आणि धोंडीच्या दिवशी मुसळाकडं कोण बघतं! बायका मुसळ शोधत होत्या हे गावभर झालं होतं. चोरानं ते लिंबाखाली ठेवलं आणि बायकांनी आपणहून ते डहाळ्यांत लपवून नेलं. चोराचे हात कोरडेच राहिले.

पण चोर कोण? ज्याला मतदान नको होतं, तो. आणि मतदान कुणाला नको असणार? ज्यानं हुजुरांनाही शब्द दिला आणि मजुरांनाही, त्याला. दोन डगरींवर पाय ठेवणारा एकच माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तो गोड हसत होता.

४

"चंद्रप्पा," मी त्याला व्हरांड्यात गाठून म्हणालो, "राजदंड तू धोंडीच्या बायकांच्या हाती लागेल असा ठेवलास. आघाडीनं दोघांनाही शब्द दिला. दारातून जायची वेळ आली असती तर तुमचं पितळ उघडं पडलं असतं."

चंद्रप्पाचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "सर, आम्ही दोघांना न्हाई, एकाला शब्द दिलाय. रामकिशनला. त्याच्या वडिलांनी सांगितलं, बोअर पारासमोर झाला तरी पाणी समद्यांना भेटंल. लिंबाजीला पटलं. अन् त्यानं ते काल संध्याकाळी सिंधुला तोंडावर सांगितलं. मी तिथंच हुतो."

"तिला ठाऊक होतं?"

"हाव. लई भांडली." मग तो जरा चिडूनच म्हणाला, "अन् सर, मला इतकं येडं समजता व्हय? आमच्या दुकानावर दरसाल धोंडी येती. मुसळ धोंडीत दिलं की ते गावातल्या दर उंबऱ्यावर जानार, तुमच्याबी. लपवायची वस्तू मी घरोघर हिंडवीन का?"

पोरगा मास्तराला शिकवून गेला होता, आणि बरोबर शिकवून गेला होता.

धोंडी घरोघर फिरते हे चंद्रप्पाला ठाऊक. रामकिशनला तर ठाऊक असणारच, त्याची चुलतीच ती काढते. मग लपवायला ती जागा सुरक्षित वाटली कुणाला? ज्याच्या घरी धोंडी कधी आलीच नाही, त्याला. भीमनगरानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि असले विधी सोडले. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी धोंडी पाहिली असेल ती ओढ्यापलीकडून, लांबून, मारुतीकडं जाताना.

भीमनगरचे दोघं. लिंबाजी आणि सिंधु. लिंबाजी जिंकणाऱ्या बाजूला होता, त्याला खेळ मोडायचं कारण नव्हतं. सिंधु हरणार होती, तिला ते कालच कळलं होतं, आणि आज तिनं मला बेधडक सांगितलं होतं की आघाडी आमच्याकडं आहे.

आणि एक गोष्ट मला सकाळीच दिसायला हवी होती. साहेब काठी ठेवून मतदान घ्यायला तयार होते. रामकिशन तयार होता. जिंकायची खात्री असलेला कुठला नेता अशा वेळी हरकत घेऊन मतदान अडवतो? मी मात्र तिच्या हुशारीवर छाती फुगवून बसलो होतो. अक्कल गहाण टाकली होती म्हणा ना.

सिंधु मला ओढ्याकाठच्या कोरड्या आडापाशी सापडली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सापडला वाटतं."

"धोंडीत आहे. माझ्याच दारात आला होता."

"दारात?" तिला खरंच धक्का बसला. "मला वाटलं मारुतीपाशी नेतेत अन् ठेवतेत. घरोघर हिंडवतेत हे मला काय ठाऊक? आमच्याकडं येतच न्हाई ती." वर्गातली पुस्तकी भाषा गळून पडली होती.

माझा संताप उफाळून आला. "सिंधु, हरणं एवढं जड जातं? तुला बोअर मिळत नाही म्हणून गावालाच मिळू द्यायचा नाही? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात याला. तो बोअर आता मुरुडला जाईल!"

"जाऊ द्या." ती माझ्याकडं न बघता आडात बघत होती. "सर, सरकार वस्ती मोजत न्हाई, गाव मोजतंय. आज पारासमोर बोअर झाला की करडगव्हाणचं काम झालं. मंग धा वर्सं आमच्याकडं कोन बघतंय? आज न्हाई झाला, तर गाव तहानलेलंच ऱ्हातंय. फुडच्या खेपंला आमी पुन्ना मागू शकतो."

"रामकिशनच्या वडिलांनी शब्द दिलाय, पाणी सगळ्यांना."

"दिलाय की. माझी आई कधी भरंल? समद्यांचं भरून झाल्यावर. तेबी हांड्याला हात लावू देनार न्हाईत, वरून वततेल." आता ती वळली. "लिंबाजीला हे ठाऊक हाय. त्याचीबी आई हाय. पर त्याला आघाडीत पुढारी व्हायचंय. तुमीच शिकवलं ना सर, मजुरांची मतं फुटली की हुजूर निवडून येतो? म्या तेवढंच शिकले."

वर्षभर या पोरीला मी ब्रिटनचं राजकारण शिकवत होतो, आणि तिला करडगव्हाणचं राजकारण माझ्यापेक्षा पक्कं कळलं होतं. मला तिचा राग येत होता, कौतुक वाटत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती, सगळं एकदम.

"सांगा तुमी साहेबांना," ती म्हणाली. "म्या अडवत न्हाई."

५

सभागृहात शिरताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. नियम म्हणजे नियम. पण खुर्चीत बसलो तर खिडकीतून मैदान दिसत होतं. घागरी घेतलेल्या बायकांत सिंधुची आई धुरपताबाई होती. ती सगळ्यांच्या मागं, वेगळी बसली होती. तिला तिथं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तिची तीच बसली होती.

"सापडला का सर?" रामकिशननं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

सभागृहात गलका झाला. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि शिपायाकरवी निरोप धाडला. बोअरची गाडी घुरघुरत निघाली. तिला मुरुडची वाट दाखवायला साहेबांची जीप पुढं गेली. मैदानात बायका उठून उभ्या राहिल्या आणि धुरळा खाली बसेपर्यंत बघत राहिल्या.

जीप परत येईपर्यंत साहेबांना चहा दिला. बशीत फुंकर घालत ते खेदानं म्हणाले, "वाईट वाटतं हो सर. तुमच्या पोरांसाठी मी एक गंमत राखून ठेवली होती."

"कसली गंमत?"

"मंजुरी एका नाही, दोन बोअरची आणली होती मी. जिंकतील त्यांचा पहिला, आणि हरतील त्यांचा दुसरा. तुमच्या विलायतेत विरोधी पक्षालाही मान असतो ना? ठराव झाला की जाहीर करणार होतो. आधी सांगितलं असतं तर पोरं भांडली कशाला असती! आता दोन्ही मुरुडला मारावे लागतील."

दारापाशी सिंधु उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा मला बघवेना.

या माणसाला गंमत सुचावी! आणि मला खोटं बोलायला हाच दिवस सापडावा! आमच्या हुशारीनं आम्ही तेलही घालवलं आणि तूपही घालवलं.

"साहेब," मी उभा राहिलो, "राजदंड सापडलाय."

"केव्हा?"

"मघाशीच. मी खोटं बोललो."

साहेबांनी बशी खाली ठेवली. आवाज बदलला. "सर, सरकारी कामाची थट्टा लावलीय का? का खोटं बोललात?"

मी काय सांगणार? जे सांगितलं असतं त्यानं पोरीचं नाव मातीत गेलं असतं. तेवढ्यात सिंधु सगळ्यांमधून वाट काढत पुढं आली.

"राजदंड म्या घेतला साहेब. आमी हरनार व्हतो म्हनून. सरांनी मला सांभाळून घेतलं. मला काय करायचं ते करा, पर गाडी माघारी बोलवा."

हुजूर पक्षाच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. लिंबाजीनं मान खाली घातली होती. रामकिशननं हात वर करून आपल्या पोरांना गप्प केलं आणि तो सिंधुसमोर येऊन उभा राहिला.

"आमचाबी बोअर घालवलास तू."

"हाव."

"सोताच्या वस्तीचाबी."

"हाव."

रामकिशननं खिशातून फटफटीची किल्ली काढली. मग साहेबांकडं वळला. "गाडी लई जड हाय साहेब. रस्ता खराब. मोठ्या सडकंला लागली नसंल अजून. माझी राजदूत भाईर हाय. जाऊ का?"

साहेब घुटमळले. "एकट्याच्या सांगण्यावरून मी मुरुडवाल्यांना काय तोंड दाखवू? उद्या ते म्हणतील, मळेवाल्यांनी गाडी पळवली. दोन्ही पक्षांचे नेते जात असतील तर चिठ्ठी देतो. दोघांनी मिळून आणायची."

चिठ्ठी खरडून झाली. रामकिशननं मैदानात राजदूतला किक मारली आणि मागं वळून बघितलं.

सिंधु पायरीवर थांबली होती. मैदानात अख्खं गाव उभं होतं. पारावरची म्हातारी माणसं उठून आली होती, बायकांनी घागरी खाली ठेवल्या होत्या. मळेवाल्याच्या पोराच्या गाडीवर भीमनगरची पोरगी आजवर कुणी बसलेली पाहिली नव्हती. रामकिशनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण त्यानं गाडी बंद केली नाही. सिंधुनं गर्दीत आईला शोधलं.

धुरपताबाई सगळ्यांच्या मागून पुढं आली. कडेवरची रिकामी घागर तशीच होती.

"बगतीस काय माझ्या तोंडाकडं?" ती लेकीवर खेकसली. "बस की!"

सिंधु बसली.